माझी पोलिश हाउसमेट नाताळला घरी जात नाही, १ नोव्हेंबरला जाते

रानजाई

इंग्लंडात पीटरबरोला राहते. चार खोल्यांचं घर, चार भाडेकरू आणि स्वयंपाकघर एकच. त्यातल्या एकीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आज वेळ आहे.

तिला आपण गोशा म्हणू. मावगोजाता या नावाचं हे घरगुती रूप. पोलंडात प्रत्येक तिसऱ्या घरात एखादी गोशा असते, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. वय अठ्ठावीसच्या आसपास. गाव पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, झेशूफ शहरापासून बसने तासाभरावर. हा सगळा भाग पोदकार्पाच्ये. इथून बाहेर जाणं नवीन नाही, पण २००४ च्या १ मे रोजी पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेलं आणि गावंच्या गावं उठली. तेव्हा देशात बेकारी २० टक्क्यांच्या आसपास होती. जुन्या सदस्य देशांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच कामाची दारं पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली. शेजारच्या जर्मनीने मात्र २०११ पर्यंत थांबवून धरलं. म्हणून लोक शेजारी न जाता समुद्र ओलांडून इकडे आले.

गोशाचे वडील २००५ मध्ये आले, भाजीच्या पॅकिंगला. लिंकनशर आणि केंब्रिजशरच्या या सपाट काळ्या जमिनीत कोबी, ब्रोकोली, लीक असं काय काय पिकतं, ते धुऊन, छाटून, पिशवीत भरायला माणसं लागतात. दोन वर्षांनी आईही आली. गोशा आजीकडे राहिली. आजीला ती बाब्चा म्हणते, सगळेच म्हणतात. वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच कथा, म्हणून शाळेत कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. आई-बाप उन्हाळ्यात आणि नाताळला यायचे, बॅगेत इंग्लिश चॉकलेटं. बाकी वर्षभर स्काइप. ती हे सांगताना रडत वगैरे नाही. तिची तक्रार वेगळीच आहे: "सगळ्यांना वाटायचं की मी कृतज्ञ असावं."

बारावीसारखी त्यांची मातुरा परीक्षा देऊन ती २०१६ च्या जूनमध्ये इथे आली आणि पंधरवड्याच्या आत ब्रेक्झिटचं मतदान झालं. पीटरबरोत साठ टक्क्यांहून जास्त मतं बाहेर पडण्याच्या बाजूने. शेजारच्या हंटिंग्डनमध्ये तर पोलिश लोकांसाठी शिवी छापलेली कार्डं वाटली गेली, इंग्लिशमध्ये आणि समजायला सोपं जावं म्हणून पोलिशमध्येसुद्धा. गोशाचं म्हणणं, त्या पोलिशमध्ये व्याकरणाच्या चुका होत्या. हे ती फार समाधानाने सांगते.

पहिली काही वर्षं गोदामात रात्रपाळी. मनगटाला स्कॅनर बांधलेला, तो सांगेल त्या फडताळाकडे पळायचं. मधल्या एका एजन्सीने शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे बुडवले. मग संध्याकाळी हिशेबाचा कोर्स केला आणि आता एका ट्रकवाल्यांच्या कचेरीत बिलं बघते. ड्रायव्हर निम्मे पोलिश, निम्मे रुमेनियन, मालक इंग्लिश. हिच्याशिवाय तिथलं पान हलत नाही.

आता मुद्दा. नाताळात विमानं महाग आणि कामावर दुप्पट पगार, म्हणून ती बहुतेक वेळा इथेच राहते. पण १ नोव्हेंबर चुकवत नाही. तो त्यांच्याकडे सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी. अख्खा देश त्या दिवशी कबरस्तानात असतो, हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाहीये. शहरांत कबरस्तानाकडे जादा बस सोडतात, पोलीस दरवर्षी रस्त्यांवर खास बंदोबस्त लावतात. आदल्या दिवशी बादली, ब्रश, साबण घेऊन जायचं आणि ग्रॅनाइट घासायचं. फटीतलं शेवाळ जुन्या टूथब्रशने काढायचं. मग कुंडीतली शेवंती ठेवायची, पिवळी किंवा पांढरी. काचेच्या डब्यात मेणबत्ती असते, वर टोपण, वारा-पाऊस लागत नाही. तिला झ्निच म्हणतात. अंधार पडला की टेकडीवरचं सगळं कबरस्तान लाल-पिवळं होतं. तिने फोटो दाखवले, तर मला आधी वाटलं जत्रेचे आहेत.

आणि जत्रा असतेच. इंग्लंड, नॉर्वे, हॉलंडच्या नंबरप्लेटच्या गाड्या फाटकाबाहेर लागतात. कोण कुणाबरोबर आलं, कुणाची शेवंती किती मोठी, कुणाच्या कबरीवर गेल्या वर्षीचाच वाळका गुच्छ आहे, हे सगळं बघितलं जातं. ज्यांचं कुणी उरलं नाही किंवा ज्यांचे सगळे परदेशी आहेत, त्यांच्या दगडावर शेजारी एखादी मेणबत्ती लावून जातात. गोशाला हीच भीती: आमच्या आजोबांवर शेजाऱ्यांची मेणबत्ती दिसता कामा नये. यंदा तर कामही आहे. तिथे कबरीच्या जागेचे पैसे २० वर्षांसाठी भरतात. मुदत संपली आणि कुणी वाढवली नाही तर ती जागा दुसऱ्याला देता येते. आजोबांची मुदत आता संपत आलीय. वडील म्हणतात बघू. ही गेली.

इतर देशांतल्या पोलिश मंडळींबद्दल कुणाला अनुभव असतील तर लिहा.

---

चिंगी

वा, छान लिहिलंयस. आम्ही डब्लिनजवळ. आयर्लंडमधल्या परदेशी नागरिकांत पोलिशच पहिल्या नंबरवर आहेत, त्यामुळे इथे साध्या सुपरमार्केटातही त्यांचं फडताळ वेगळं असतं. मुलाच्या वर्गात चार जण. त्यांच्या आया शनिवारी पोलिश शाळेत नेतात, आणि मुलं आपल्या मराठी शाळेतल्या मुलांसारखीच कुरकुर करत जातात. एक आई मला म्हणाली, मुलगा पोलिश बोलतो पण शब्दांचा क्रम इंग्लिश. मी म्हटलं, ये गं बाई, बस.

---

भटका_जोशी

हा तर आपला पितृपक्ष! आणि ईस्टरच्या सोमवारी हे लोक एकमेकांना पाण्याने भिजवतात, ती रंगपंचमी. हिवाळा संपताना गवताची बाई करून जाळतात आणि नदीत बुडवतात, ती होळी. दारात चपला काढतात. पाहुणा म्हणजे देव. काकड्या आंबवतात. मी तर म्हणतो हे आपलेच हरवलेले भाऊ.

---

रानजाई

जोशीकाका, सगळं खरं आहे. पाण्याचा सोमवार म्हणजे श्मिगुस-दिंगुस, गोशाच्या गावात मुलं बादल्या घेऊन बसस्टॉपवर उभी असतात. पण मला हल्ली या साम्यांच्या यादीचा कंटाळा येतो, राग नसावा. पहिल्या वर्षी मीपण प्रत्येक गोष्टीला "आमच्याकडेसुद्धा" म्हणायचे. एकदा ती म्हणाली, "तू मला सांगू तरी देशील का?"

आणि फरक जास्त बोलके आहेत. मी डिग्री घेऊन, व्हिसा घेऊन, नोकरी हातात घेऊन आले. माझ्या येण्याचं घरी पेढे वाटून कौतुक झालं. ती बसच्या भाड्याएवढ्या विमानाच्या तिकिटात आली, ना व्हिसा ना मुलाखत, आणि घरी कुणी पेढे वाटले नाहीत. सगळेच जातात, त्यात काय. माझं घर नऊ-दहा तासांच्या विमानावर, तिचं स्टॅनस्टेड विमानतळावरून अडीच तासांवर. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यामुळे तिने कधी नीट सामानच बांधलं नाही. दात दुखला की ती तिकडच्या डेंटिस्टची वेळ घेते. केस तिकडे कापते. हिवाळ्याचे बूट आजीच्या घरी. नऊ वर्षं झाली तरी खोलीत भिंतीवर एक खिळा ठोकलेला नाही.

आणखी एक. मी रस्त्यावरून चालले की मी परकी हे दिसतं. ती तोंड उघडेपर्यंत कुणाला कळत नाही. बसमध्ये आईचा फोन आला की ती आवाज खाली आणते. २०१६ नंतर लागलेली सवय आहे, म्हणते.

---

शिकागोकर

इथे शिकागोत पोलिश लोक शंभर-दीडशे वर्षांपासून आहेत. तात्रा डोंगरातले गुराल लोक तर एवढे की त्यांची स्वतःची संघटना, स्वतःचे पोशाख, लग्नात फिडल. पुलास्की नावाच्या त्यांच्या सेनापतीच्या नावाने इलिनॉयमध्ये मार्चच्या पहिल्या सोमवारी दिवस पाळतात.

एक गंमत. उपवासाचा लेंट सुरू होण्याआधी जाम भरलेले तळलेले गोळे खातात, पोंच्की. पोलंडात ते गुरुवारी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मंगळवारी. आमच्या बेकरीत दोन्ही दिवस रांग. माझा पोलिश सहकारी नव्याने आला तेव्हा म्हणाला, या लोकांची भाषा माझ्या पणजीसारखी आहे. इथल्या जुन्या मंडळींचं म्हणणं, नव्यांना पोलिश येतच नाही.

---

रानजाई

हे भांडण इथेही आहे. महायुद्धात पोलिश वैमानिक ब्रिटनसाठी लढले, जनरल अँडर्सची फौज लढली, आणि युद्धानंतर घरी रशियाचं राज्य आलं म्हणून परत जाता आलं नाही. १९४७ मध्ये कायदा करून त्यांना इथे राहू दिलं. लंडनमध्ये हॅमरस्मिथला त्यांचं मोठं सांस्कृतिक केंद्र आहे, शनिवारच्या शाळाही त्याच पिढीने सुरू केल्या. २०१६ ला मतदानानंतरच्या रविवारी त्या केंद्राच्या दारावर कुणीतरी रंगाने शिवी लिहून ठेवली होती. त्यानंतर तिथे फुलांचा ढीग लागला, तेही सांगायला हवं.

गोशा काही शनिवारी शाळेत लहान वर्गाला मदत करते. तिथल्या एक सत्तरीच्या बाई, इथेच जन्मलेल्या, पोलंडात कधीच न राहिलेल्या, गोशाचं पोलिश सुधारतात! तिने "टॅक्स"साठी सरळ इंग्लिश शब्दाला पोलिश शेपूट लावलं होतं. ती इतकी चिडली होती की घरी येऊन भांडी आपटत होती.

---

निरुपद्रवी

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक खडा टाकतो. या लोकांना आपण चालतो का? माझा अनुभव तसा नाही. बसस्टॉपवर "गो होम" मला एका पोलिश माणसानेच सुनावलंय. स्वतः कालचा आलेला.

---

रानजाई

तुमचा अनुभव खोटा कशाला असेल. गोशाचे मामा एकदा इथे राहून गेले. मला बघून त्यांनी तिला पोलिशमध्ये विचारलं, ही भांड्यांना हात लावते का. तिने मला तो प्रश्न भाषांतर करून सांगितला, मामांच्या समोर, आणि मग म्हणाली, आता तूच उत्तर दे. मामा लालबुंद. नंतर त्यांनीच माझा नळ दुरुस्त केला. यावरून ते सुधारले असं मी म्हणणार नाही, नळ मात्र सुधारला.

---

अटकमटक

मी तीन-चार वर्षं पोलंडात व्रोत्सवाफ शहरात होतो, आयटी. रानजाईताईंच्या लेखातलं पोलंड आणि मी पाहिलेलं पोलंड यांत बराच फरक आहे, आणि बहुधा गोशालाही तो जाणवत असेल. बेकारी आता युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांत. २६ वर्षांच्या आतल्यांना पगारावर एका मर्यादेपर्यंत आयकर माफ, २०१९ पासून. कामगार मिळत नाहीत म्हणून बाहेरून आणतात. युक्रेनियन आधीपासून होते, २०२२ नंतर तर खूपच आले. माझा घरमालक स्वतः डब्लिनला गोदामात राबून परत आलेला. त्याला सगळ्यात जड काय गेलं? रविवारी दुकानं बंद! २०१८ पासून टप्प्याटप्प्याने बंद केलीत. शनिवारी रात्री पाव संपला की तो डब्लिनची आठवण काढायचा.

मग गोशा परत का जात नाही?

---

मनवा

आणि मला विचारायचं होतं, ती धार्मिक आहे का? तिकडे चर्चचा फार पगडा आहे असं ऐकते, आणि गर्भपाताच्या कायद्यावरून मुलींनी मोर्चे काढले होते ना.

---

रानजाई

मनवा, ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या घटना न्यायाधिकरणाने गर्भात गंभीर व्यंग असलं तरी गर्भपात बेकायदा ठरवला. त्यावर देशभर मोर्चे. गोशा लंडनला वकिलातीसमोर जाऊन उभी राहिली होती, पुठ्ठ्यावर लिहून. आजीने तो फोटो बघितला. आजीकडे दिवसभर भक्तीचा रेडिओ चालू असतो. दोघी महिनाभर बोलल्या नाहीत. मग आजीने पाकीट पाठवलं, त्यात काहीच पत्र नाही, फक्त ओपुआतेक.

हे काय ते सांगते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, २४ डिसेंबरला, पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. त्याला विगीलिया म्हणतात आणि खरा सण तोच. जेवणाआधी ओपुआतेक: कागदासारखी पातळ, पांढरी, पिठाची पापडी, वर बाळ येशूचं चित्र उठवलेलं. प्रत्येकाच्या हातात एक. तुम्ही माझ्या पापडीचा तुकडा मोडायचा, मी तुमच्या, आणि डोळ्यांत बघून पुढच्या वर्षासाठी काहीतरी मनापासून बोलायचं. मग पुढचा माणूस. घरात दहा जण असतील तर प्रत्येकाने नऊ जणांशी. ज्याच्याशी भांडण आहे त्यालाही टाळता येत नाही. गोशा म्हणते, वर्षातली ही सगळ्यात अवघड पंधरा मिनिटं.

ती मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जात नाही. पण ओपुआतेकशिवाय विगीलिया तिला चालत नाही, आणि ईस्टरच्या शनिवारी टोपलीत अंडी, मीठ, पाव, सॉसेज घालून पाद्र्याकडून पाणी शिंपडून आणते. मी विचारलं, हे कसं काय? म्हणाली, "पाद्र्याचं पाणी आहे, टोपली माझी आहे."

गेल्या वर्षी विगीलिया आमच्या स्वयंपाकघरात झाली. त्या दिवशी मांस नाही, बारा पदार्थ. बार्श्च म्हणजे बीटचं आंबट सार. त्यासाठी बीटचे काप, लसूण, तमालपत्र, ऑलस्पाइस, मिठाचं पाणी बरणीत घालून बॉयलरच्या कपाटात ठेवलं होतं. वर पांढरी साय धरली म्हणून रुमेनियन मुलगी ते फेकायला निघाली होती, नायजेरियन नर्सने वाचवलं. त्यात सोडायच्या उश्का, नखाएवढ्या पुऱ्या दुमडून टोकं जोडलेल्या, आत रानातल्या वाळवलेल्या अळंब्यांचं सारण. अळंब्या आजीने शरद ऋतूत जंगलातून वेचून दोऱ्यात ओवून वाळवलेल्या. आम्ही दोघी तीन तास करत होतो. आपल्या मोदकांवर माझा हात बसलेला, म्हणून मला वाटलं जमेल. पण त्या एवढ्याशा की माझ्या सगळ्या फाटल्या.

टेबलावर एक ताट रिकामं ठेवतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. प्रत्यक्षात कुणी येत नाही, असं ती म्हणाली. साडेसहाला रुमेनियन मुलीचा मित्र न सांगता टपकला. गोशाचा चेहरा बघायला हवा होता! आयुष्यात पहिल्यांदा ते ताट वापरलं गेलं. त्याने बसल्या बसल्या सगळ्या उश्का संपवल्या आणि विचारलं, चिकन नाही का.

अटकमटक, परत जाण्याबद्दल. आई-बापाने गावात घर बांधलंय, दोन मजली, वर बाल्कनी, आत कुणी नाही. आजी शेजारच्या जुन्या घरातच राहते, म्हणते मोठ्या घरात थंडी वाजते. आई-बाप पेन्शनला जाऊ म्हणतात. गोशाला गाव नको, क्राकूफ शहर चालेल. पण तिथे तिला कामाला लावून घेणारा विचारतो, नऊ वर्षं काय केलं? त्यातली निम्मी गोदामात. इथला हिशेबाचा कोर्स तिकडच्या कर-कायद्याला उपयोगाचा नाही. मैत्रिणी तिकडे कॉलेज करून, घराचं कर्ज काढून पुढे गेल्या. सुट्टीत गेली की सगळे म्हणतात, आली आमची इंग्लिश बाई. देश सुधारला, पण ती नसताना सुधारला. मला वाटतं तिला हेच सगळ्यात लागतं, ती तसं म्हणत नसली तरी.

इथे तिला कायम राहायचा हक्क आहे, पण तो नुसता ऑनलाइन. कार्ड नाही, कागद नाही. घर भाड्याने घेताना, नोकरी बदलताना वेबसाइटवरून शेअर कोड काढून द्यायचा. ब्रिटिश पासपोर्टसाठी दीड हजार पौंडांच्या वर खर्च. तिला पोलिश पासपोर्ट सोडावा लागणार नाही, आपल्यासारखं नाही. तरी घेत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या पोलिश निवडणुकीत मात्र इथून रांगेत उभी राहून मत देऊन आली.

---

तांबडारस्सा

कोल्हापूरचा माणूस इतका वेळ गप्प कसा राहिला! अहो, पोलिश लोक आमच्याकडे राहून गेलेत. १९४३ ते १९४८, वळिवडेला छावणी, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडातून उचलून सैबेरियात नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला ती गोष्ट जास्त माहीत आहे, वॉर्सॉत त्यांच्या नावाचा चौकही आहे. पण संख्येने वळिवडे मोठं. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण कापड घ्यायला जातो. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वळिवडेची बरीच मुलं पुढे इंग्लंडला गेली, त्यांची लंडनला संघटना होती. गोशाला माहीत आहे का हे?

---

रानजाई

आत्ता व्हॉट्सॲपवर विचारलं. सैबेरिया शाळेत शिकवला, म्हणाली, कोल्हापूर नाही. नकाशा पाठवला. मग तिचा प्रश्न: तिथे पाच वर्षं ख्रिसमसला अळंब्या कुठून आणल्या असतील?

तांबडारस्सा, आहे काही उत्तर? फेब्रुवारीत मी येतेय, ती बरोबर यायचं म्हणते.

---

तांबडारस्सा

अळंब्यांचं माहीत नाही, वळिवडेत जुनी माणसं आहेत, त्यांना विचारू. स्टेशनवरून गांधीनगरची बस मिळते, पण तुम्ही फोन करा, मी गाडी घेऊन येतो. तिला मिसळ झेपेल का?

---

रानजाई

ती किसलेला हॉर्सरॅडिश सॉसेजवर थापून खाते, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबत नाही. झेपेल. सोबत दही ठेवा, माझ्यासाठी.